वणीच्या गाडीतली स्टॉपर

मोहदरीचा घाट उतरताना मी अर्धवट झोपेत होते. पहाटे कोल्हापूर सोडलं, पुण्यात गाडी बदलली, आणि नारायणगावच्या पुढे कधीतरी डोळा लागला तो सिन्नर गेल्यावरच उघडला. खिडकीबाहेर जानेवारीतली संध्याकाळ होती. शेतांवर धुराचा एक पातळ थर आडवा पसरलेला, त्याच्याखाली तुरळक पिवळे दिवे, आणि लांबवर नाशिक असावं असा नुसता उजेड. शेजारच्या काकांनी विचारलं, "नाशिकरोड का सीबीएस?" मी नाशिकरोड म्हणाले. तोपर्यंत आपण खरंच आलो आहोत हे मला पटलं नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हा घाट उतरले तेव्हा मांडीवर गोलकीपरच्या हातमोज्यांची पिशवी होती आणि मनात एकच धास्ती, की ही कुणीतरी केलेली थट्टा निघेल. नाशकात बायकांचा व्यावसायिक फुटबॉल क्लब निघाला होता. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वर दरमहा पगार. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठापेठांचा जीव की प्राण, पण तो पोरांचा. माझी आत्या शेवटपर्यंत म्हणत राहिली, "नुसता चेंडू अडवायचा पगार? नीट चौकशी कर, मने." थट्टा नव्हती. पण दीड वर्षात सगळं आटोपलं. आज क्लबचं नाव सांगितलं तर कुणी ओळखत नाही, म्हणून मी सांगायचंच सोडून दिलं आहे.

या वेळी मी फिरायला आले नव्हते. मला छायाला भेटून एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला मला आठ वर्षं उशीर झाला होता. वाचणाऱ्याला मात्र आत्ताच सांगून टाकते.

मी संघाची गोली, म्हणजे गोलकीपर, आणि छाया आमची स्टॉपर (गोलीच्या पुढ्यात उभी राहून हल्ला परतवणारी). शेवटच्या सामन्यात आम्हाला बरोबरी पुरे होती. ती झाली असती तर आम्ही वरच्या गटात गेलो असतो आणि मालक क्लब चालू ठेवणार होते. थोडीच मिनिटं उरली होती. डावीकडून उंच चेंडू आला. छाया डोकं लावायला उडणार एवढ्यात मी ओरडले, "माझा!" गोलीनं "माझा" म्हटलं की बाकीच्यांनी चेंडूला हात जोडून बाजूला व्हायचं, हा नियम कुठल्या पुस्तकात असो नसो, मैदानावर तो सगळ्यांना ठाऊक असतो. छायानं मान खाली घातली आणि चेंडू सोडला. आणि मी जागची हलले नाही. समोरून त्यांची एक धिप्पाड मुलगी धावत येत होती. मी घाबरले. चेंडूचा आमच्या दोघींच्या मध्ये टप्पा पडला आणि तिनं तो जाळ्यात घातला.

मालकांनी त्या दिवशी हौसेनं ढोलपथक आणलं होतं. त्या दणदणाटात माझी हाक छायाशिवाय कुणालाही ऐकू गेली नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की छाया चेंडूखाली मान घालून उभी राहिली. सामना संपल्यावर आमच्या कोच सरांनी मला विचारलं, "आवाज दिला होतास?" छाया शेजारीच उभी होती. मी नाही म्हणून मान हलवली. तिचा खेळ बघायला दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबची दोन माणसं आली होती, ती तिच्याशी न बोलता निघून गेली. दोन महिन्यांत आमच्या क्लबला कुलूप लागलं.

हे असंच राहिलं असतं. पण गेल्या महिन्यात मी शिकवते त्या शाळेच्या संघातली गोली, सातवीतली पोर, अगदी हीच चूक करून बसली. मी बचाववालीवर डाफरायला लागले तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, तिला बोलू नका, आवाज मी दिला होता." आणि बाटली उचलून पाणी प्यायला गेली.  तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला.

नाशिकरोडला प्रज्ञा स्कूटर घेऊन उभी होती. ती आमच्या मधल्या फळीतली, आता एका सरकारी कचेरीत कारकून. खेळताना ती पास देण्याआधी मान वर करून सगळीकडे बघून घ्यायची, तशीच आताही स्टँडवरची सगळी गर्दी बघून घेत होती.

"वजन वाढलंय तुझं, गोली," ती म्हणाली.

"तुझं काय उतरलंय?"

"माझं पहिल्यापासूनच होतं. तू तुझं बघ."

त्यांच्या कॉलनीत बैठी घरं आहेत, प्रत्येकाच्या दारात तुळशीएवढं तरी काहीतरी हिरवं, आणि कोपऱ्यावर विहार. प्रज्ञाच्या आईंनी दारातच "जय भीम, ये बाई" म्हणून माझी पिशवी ओढून घेतली. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या खाली आमचा फोटो. बावीस पोरी, द्राक्षाच्या रंगाच्या जर्सी. ऊन इतकं की अर्ध्या जणींनी डोळे मिटलेले. माझ्या घरात हा फोटो नाही. मी ताट येईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसले. आईंनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला आणि विचारलं, "तू ती तिखट खाऊन रडणारी ना?" मी होच म्हणाले. डोळ्यांत पाणी यायला मला ते कारण बरंच पडलं.

सकाळी धुकं होतं. आईंची वंदना संपल्यावर चहा घेऊन आम्ही मखमलाबादकडे निघालो, आमचं मैदान बघायला. प्रज्ञा म्हणाली होती, "बघण्यासारखं काही नाही बरं का." स्कूटर द्राक्षबागांमधून चालली होती. धुक्यात बागांचे नुसते खांब दिसत होते, आणि खांबांच्या मधून कुणी कुणी डोक्याला मफलर बांधून फवारणी करत फिरत होतं. पंप खांद्यावर असलेली ती माणसं जमिनीला पाय न लावता चालताहेत असं वाटत होतं. मला त्या धुक्यातून आमच्या बावीस जणी धावत येतील असं उगाच वाटत राहिलं. येतही होतो आम्ही अशाच, दर सकाळी, तोंडातून वाफ काढत.

मैदानाच्या जागी आता लग्नाचं लॉन आहे. मोठी कमान, आत मऊ कापलेलं गवत, टोकाला स्टेज. आमच्या वेळी इतकं चांगलं गवत असतं तर माझे गुडघे शाबूत राहिले असते. मी ज्या गोलपोस्टात उभी राहायचे तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या. एक मंडपवाला झालर लावत होता. त्यानं विचारलं, "हळद तुमच्याकडचीच का, ताई?"

"नाही, आम्ही इथं खेळायचो," प्रज्ञा म्हणाली.

"काय?"

"फुटबॉल."

तो थोडा वेळ आमच्याकडे आणि मग गवताकडे बघत राहिला. "इथं?" म्हणाला, आणि परत झालर लावायला लागला. त्याचं काही चुकलं नाही. मलाही क्षणभर वाटलं की आपण चुकीच्या पत्त्यावर आलोय, किंवा ते दीड वर्षच कुणीतरी मला सांगितलेलं आहे.

स्टेजच्या पायरीवर आम्ही बसलो. सर आमच्याकडून एक कसरत करून घ्यायचे, तिची आठवण निघाली. बचावातल्या मुलींच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि गोलीनं नुसत्या आवाजानं त्यांना मैदानभर फिरवायचं. डावीकडे, मागे, थांब, सोड. बाकीच्या अडखळायच्या, हसायच्या, ओढणी वर करून चोरून बघायच्या. छाया एकदाही अडखळली नाही. मी थांब म्हटलं की तिचा उचललेला पाय हवेतच राहायचा.

"एवढी चांगली पोरगी," प्रज्ञा म्हणाली, "आणि नेमक्या वेळी उभ्या उभ्या झोपली. तेवढा एक चेंडू काढला असता तिनं, तर आज इथं खुर्च्या नसत्या."

हीच वेळ होती. तोंड उघडलं, थंड हवा आत गेली, आणि मी म्हणाले, "ऊन वर यायला लागलं, निघूया का?" आठ वर्षांपूर्वी घाबरले त्याचं काहीतरी कारण तरी होतं. आता समोर फक्त खुर्च्या होत्या. मला माझीच लाज वाटली. छायाला सांगितल्याशिवाय प्रज्ञाला कसं सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती अर्धी खरीही होती.

छाया आता एसटीत कंडक्टर आहे. आज वणीच्या गाडीवर तिची ड्युटी आहे एवढं प्रज्ञाला माहीत होतं. मी येणार हे छायाला माहीत नव्हतं. प्रज्ञा मला सीबीएसला, शहरातल्या मुख्य स्टँडवर, सोडून कचेरीत गेली. वणीची गाडी लागली तेव्हा दारात खाकी साडीतली एक उंच बाई उभी होती, खांद्याला तिकिटाचं यंत्र, केसांचा घट्ट अंबाडा. उभं राहायची पद्धत तीच, पाय जरा फाकलेले, कुठूनही काही आलं तरी तयार.

तिनं मला पाहिलं. हसली नाही, पण कपाळावरची आठी गेली.

"गोली? तू हितं कुठं?"

"तुलाच भेटायला आले."

"डूटी हाय माझी. बस, माझ्या सीटवर बस."

कंडक्टरच्या सीटवर मी खिडकीशी बसले. म्हसरूळ गेलं, घरं विरळ झाली, डाव्या हाताला रामशेजचा डोंगर धुक्यातून अर्धा वर आला. गाडीत ऊबदार वास होता, मेथीच्या जुड्यांचा आणि कुणाच्या तरी अंगावरच्या गोधडीचा. छाया मागून पुढे तिकिटं देत चालली होती. मी डोळे अर्धे मिटून तिचा आवाज ऐकत होते. "कुठं? कुठं म्हणालात?" प्रत्येकाला ती दोनदा विचारत होती. एका आजीबाईंनी तिला झापलंच. "लय येळा इचारती गं तू. वणी म्हनलं ना, वणी. गडावर जायचंय मला." (गड म्हणजे सप्तशृंगीचा डोंगर. वणीच्या पुढे तो आहे, आणि इथल्या माणसांना दुसरा गड माहीत नाही.) छाया म्हणाली, "बरं, आजी," आणि पुढच्या माणसाला पुन्हा दोनदा विचारलं.

ढकांब्याच्या पुढे ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं मुलीचा फोटो दाखवला, मी माझ्या शाळेचं सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा होत्या, मध्ये मध्ये कांद्याची लागण चाललेली, बायका ओळीनं वाकून रोपं खोचत होत्या. दिंडोरीला निम्मी गाडी उतरली. छायानं दोर ओढला, घंटी वाजली, आणि कादवा नदीचा पूल आला तेव्हा मी सांगितलं. प्रस्तावना बऱ्याच तयार केल्या होत्या, त्यातली एकही आठवली नाही.

"छाया, त्या दिवशी मी आवाज दिला होता. 'माझा' म्हणून ओरडले होते मी. सरांना खोटं सांगितलं."

ती समोर बघत राहिली. वाटलं, ऐकूच गेलं नाही. पुन्हा सांगावं म्हणून तोंड उघडलं तर तिनं हात वर केला, थांब म्हणून. लखमापूर फाट्याला एक जोडपं चढलं, तिनं उठून तिकिटं दिली, परत आली, बसली.

"ओरडली होतीस?"

"हो."

"तूच?"

"मीच."

"नक्की ना, मने?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, मला माहीत होतं. मी इतकी वर्षं तेच गृहीत धरलं होतं. तिनं ऐकलं होतं, तिला ठाऊक होतं, ती मनात मला शिव्या देत असेल. शिव्या खायची माझी तयारी होती.

"मी कान तपासून घेतले," छाया म्हणाली. आवाज अगदी हळू, गाडीच्या खडखडाटात मला वाकून ऐकावं लागलं. "नाशकात. दोन डॉक्टरांकडं. दोघं म्हणले, बाई, कान चांगले हायत तुझे. मग मला वाटलं, डोक्यातच काही तरी हाय. तू नाय म्हणालीस ना सरांना. माझ्यासमोर नाय म्हणालीस. तू कशाला खोटं बोलशील? तुझ्या आवाजावर मी डोळे बांधून चालायचे. मग मला जे ऐकू आलं, ते काय होतं? ढोल होता, ढोलातनंच काहीतरी ऐकू आलं असंल."

तिनं खांद्यावरचं तिकिटाचं यंत्र मांडीवर घेतलं.

"मला बघायला आलेल्या त्या क्लबवाल्यांचा फोन आला होता नंतर," ती म्हणाली. "एका गोलानं काय होतं, म्हणले, ये तू. मी नाय गेले."

"का?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर कळलं.

"जिला नसलेले आवाज ऐकू येत्यात, तिनं स्टॉपरला कसं उभं राहायचं? आणखी कुणाचं तरी वाटोळं केलं असतं मी. हितं बी बघ, सगळ्यांना दोनदा इचारते. लोकं हसत्यात. हसू दे."

पुढचा सगळा रस्ता उन्हाचा होता. धुकं कधी विरलं कळलं नाही. सप्तशृंगीच्या रांगेतले डोंगर एकामागून एक फिकट निळे उभे होते, इतके फिकट की हातानं पुसले जातील. मी त्यांच्याकडे बघत रडत होते आणि आजीबाई मागे वळून मला विचारत होत्या, "गाडी लागती का गं बाई? लिंबू देऊ?" त्यांनी खरंच लिंबू दिलं. मी ते हुंगत बसले.

वणीच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली. छायानं नोंद करून घेतली आणि मला स्टँडच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं मोकळी जागा होती, एक बंद टपरी, दोन शेळ्या, उन्हात वाळत घातलेली कुणाची तरी गोणपाटं.

"ओरडून दाखव," ती म्हणाली.

"इथं?"

"तवा ओरडली होतीस तसं. तेवढ्याच जोरात. कमी नाय, जास्त नाय."

ती चालत पार टपरीपर्यंत गेली आणि वळून उभी राहिली. मी शाळेत रोज ओरडते, पण ते पोरांवर. हा आवाज आठ वर्षांत काढला नव्हता. पहिल्यांदा घशातून नुसती हवा आली. मग मी पाय रोवले, छाती भरून घेतली आणि ओरडले, "माझा!"

शेळ्या पळाल्या. स्टँडच्या कोपऱ्यावरून दोन-तीन माणसं काय झालं म्हणून डोकावली. छाया जागची हलली नाही. तिनं डोळे मिटले होते. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, खाकी साडी, खांद्याला यंत्र, आणि चेहऱ्यावर ऊन. मग माझ्याकडे चालत आली. तिचे गाल ओले होते, आणि ओठ रागानं घट्ट मिटलेले.

"हाच," ती म्हणाली. "हाच होता."

"छाया, मला..."

"माफीबिफी आत्ता नको. प्रज्ञाला फोन लाव. माझ्यासमोर सांग."

मी लावला. सांगितलं, तिथंच उभ्या उभ्या, कादवेच्या पुलावर सांगितलं होतं त्याच शब्दांत. मी दोनदा हॅलो म्हणाले. मग प्रज्ञा म्हणाली, "छायाला दे." मी फोन दिला. छाया ऐकत राहिली. "हं. हं. तुझं काय चुकलं त्यात, तुला काय ठावं. नाय, मी बरी हाय." शेवटी हसली, नाक पुसत, आणि फोन मला परत दिला. प्रज्ञानं तो तिकडून बंद केला होता.

"आता बाकीच्यांना सांग. सरांना बी. एकीला बी सोडू नको," छाया म्हणाली. स्टँडवर तिच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती पदर खोचून निघाली.

"मी याच गाडीनं येऊ?"

"नको. मागची धर." चार पावलं जाऊन ती थांबली. "मला लय राग आलाय, मने. आठ वर्षांचा हाय, जायला टाइम लागंल. आज नको."

मी मागची गाडी धरली. वाटेत दिंडोरीला उलटा वडापाव घेतला (इथे वडा पावात घालून अख्ख्या पावालाच बाहेरून पीठ लावून तळतात) आणि तो हातात तसाच थंड झाला. बागांवर तिरपं ऊन होतं. सकाळचे रोपं लावणारे हात आता दुसऱ्या वाफ्यावर गेले होते. कंडक्टरनं मला एकदाच विचारलं, कुठं, आणि तिकीट दिलं. प्रज्ञाच्या घरी गेले तेव्हा ती माझ्याशी जेमतेम बोलली, पण तिच्या आईंनी ताट वाढलं आणि ती माझ्या शेजारीच जेवायला बसली. झोपायच्या आधी मी तिच्यादेखत एकेकीला फोन केले. कुणी रागावलं, कुणी हसण्यावारी नेलं, एकीला तो गोल आठवतच नव्हता. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त छायाचा नंबर मागितला.

दुसऱ्या दिवशी मोहदरीचा घाट चढताना मी जागी होते. छायानं मला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही. विचारायचा हक्क आता माझा नाही, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी एक चूक लपवून ठेवली आहे, मैदानावरची, पाच सेकंदांची. तो गोल तर सगळ्यांनी पाहिला होता, फक्त चूक छायाच्या नावावर घातली होती. मी लपवून ठेवले होते ते छायाचे कान, आणि ती ते नाशकातल्या दवाखान्यांतून शोधत फिरत होती.